डावं पेडल

सापगाव, १८ नोव्हेंबर २०२५

प्रिय सारिका,

तीन आठवडे तुझा फोन उचलला नाही, माफ कर. वाशिंद काही लांब नाही, येऊ शकलो असतो. पण समोर आलो की मी गोलगोल बोलतो, म्हणून कागद घेतला. भात झोडून झालं. शकूकाकी रोज विचारते, "तुमची इमानवाली कदी येनार रे?" मी काहीतरी पुटपुटून आत निघून जातो.

तुझ्या भूमिकाने तुला सांगितलं ते खरंच आहे. मुरबाडच्या ज्या फ्लाइंग स्कूलमध्ये मी मेकॅनिक आहे, तिथलं छोटं विमान घेऊन ती एकटी निघाली होती. उडालीही नव्हती, जमिनीवरून धावपट्टीकडे चालली होती. वळणाआधी ब्रेक दाबले. विमान थांबलं नाही, उजवीकडे फिरलं आणि पंख कुंपणाच्या खांबावर आदळला. तिने लगेच इंजिन बंद केलं. चौकशीवाले म्हणतात, पोरगी घाबरली, उजवा पाय जास्त दाबला. किती सोपं वाक्य! अगं, विमानात दोन पायांना दोन वेगळे ब्रेक असतात; दोन्ही पाय सारखेच दाबले आणि डावा ब्रेक लागलाच नाही, तरी विमान उजवीकडेच फिरतं. ब्रेकच्या तेलाच्या नळीत हवा असली की पेडल पहिल्यांदा मऊ लागतं, लागोपाठ दुसऱ्यांदा दाबलं की कडक. तपासायला आलेल्या साहेबांनीही आम्हा सगळ्यांच्या सवयीप्रमाणे दोनदा दाबलं. लिहिलं, ब्रेक ठीक.

आठवतं, इथे अंगणात दोन पाट मांडून ती पाय दाबायचा सराव करायची आणि तू म्हणायचीस, "पाट मोडशील गो बाय"? परवा मला म्हणाली, "मामा, माझाच डावा पाय कमी पडला असंल." तिला आता तसंच वाटायला लागलंय.

आदल्या संध्याकाळी ते विमान मीच तपासलं होतं. डावं पेडल मऊ लागलं. विमानाची नोंदवही उघडली, तर कमळाकर, आमचा मुख्य मेकॅनिक, म्हणाला, "वहीत लिवलंस तर उद्या इमान उभं राहील. पंप कर नि सोड, टाइम नाय. लयच हात शिवशिवतो तर घरी डायरीत लिव." सगळे हसले. मीही हसलो. आणि घरी येऊन खरोखरच डायरीत लिहिलं: "डावं पेडल मऊ. दोनदा दाबल्यावर ठीक. वहीत नोंद नाही." बावीस वर्षं रोज लिहितोय, त्यावरून स्वतःला प्रामाणिक समजत आलो. जिथे लिहायला हवं होतं तिथे पान कोरं. दुसऱ्या दिवशीच्या उड्डाणांच्या तक्त्यावर तिचं नाव मी पाहिलं होतं का? आठवत नाही. डायरीतही त्याबद्दल काही नाही, आणि हेच मला खातंय.

उद्या अकराला तिला चूक कबूल केल्याच्या कागदावर सही करायला बोलावलंय. सही झाली की तिचं शिक्षण तिथेच संपलं. तिला सही करू देऊ नकोस. माझी नोकरी जाईल, जाऊ दे. दोनदा मी डायरी पिशवीत घालून निघालो आणि पुलावरून परत फिरलो. शेजारचा प्रणित आत्ता वाशिंदला निघालाय, त्याच्या हाती हे देतोय. तू वाचलंस की मला परत फिरता येणार नाही. त्यासाठीच लिहिलं.

तुझाच,
किशोरदादा

उद्या: डायरी घेऊन दहाच्या आत मुरबाडला पोचणे.