टर्की आणि माझी शिट्टी

आई, लांबूनच पाया पडतो.

मी मजेत आहे, पोटभर जेवतो. इथे टर्की पाळतात, म्हणजे कोंबडीच्या थोराड मावश्याच. औषधं नाहीत, विकतचं खाद्य नाही. जाळीचं कुंपण रोज हलवायचं आणि त्यांना ताज्या गवतावर न्यायचं. तुझा गुडघा कसा आहे?

पिल्लं होती तेव्हा मी गंमत म्हणून शिट्टी मारायचो. आता ती शिट्टी ऐकल्याशिवाय टर्की हलत नाहीत, दुसऱ्या कुणाच्या मागे जातच नाहीत. मालक म्हणतो, "तू गेलास तर यांना नेणार कोण? विकल्या जाईपर्यंत थांब." तोवर ताईचं लग्न होऊन जाईल. काल फाटकाकडे नुसता वळलो, तर सगळा कळप जाळीला चिकटून ओरडायला लागला.

घरात शिट्टी मारू नको म्हणायचीस, ऐकायला हवं होतं. आता मालकालाच शिकवतोय. अजून नुसती हवा निघते. ताईला एवढ्यात काही सांगू नकोस.

तुझाच,
भिरभिऱ्या