डॉटीला सोमवारी नेऊ नये म्हणून

प्रति,
मा. प्रमुख अधिकारी,
धोकादायक प्राणी परवाना विभाग,
टॅमरॅक काउंटी, ओहायो.

अर्जदार : श्रीमती वर्ना क्लिंगर, शाळेच्या बसच्या निवृत्त चालक, राहणार गिरणीरस्ता, दाराला निळा रंग असलेले घर.

विषय : दिवंगत पतीच्या नावे असलेला अजगराचा परवाना माझ्या नावे करून मिळणेबाबत, आणि तोवर सदर अजगर नेऊन मारण्याची सोमवारची कारवाई थांबवणेबाबत.

संदर्भ : १) आपल्या कार्यालयाची नोटीस, जी माझ्या दारावर चिकटवण्यात आली (काढताना निळा रंग निघाला).
२) आपले निरीक्षक श्री. ट्रेंट बोमगार्डनर यांचा अहवाल.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून मी खाली सही करणारी आपणास नम्रपणे कळवते की,

१. माझे पती ड्वेन क्लिंगर गेल्या शरद ऋतूत हृदयविकाराने वारले. त्यांच्या मागे मी, एक पिकअप गाडी आणि डॉटी नावाची चौदा फुटी अजगर मादी एवढा परिवार आहे. डॉटीला त्यांनी सापांच्या एका प्रदर्शनातून बुटाच्या खोक्यात घालून आणले, तेव्हा ती माझ्या अंगठ्याएवढी जाड होती. "फार नाही वाढणार गं ही," असे ते म्हणाले होते. आपण विवाहित असाल तर नवऱ्यांच्या अशा वचनांचे काय होते, हे मी सांगायला नको.

२. मोठा साप एकट्याने हाताळू नये, किमान दोन प्रौढ माणसे हवीत, असा आपला नियम आहे. तो आपण छापण्याच्या कितीतरी आधीपासून आमच्या घरात पाळला जात होता. ड्वेन डोक्याकडे, मी शेपटीकडे. पेटी उघडली की ते आधी लांब दांडीच्या लोखंडी आकडीने तिच्या अंगाला हळूच स्पर्श करीत. आकडी लागली म्हणजे आज जेवण नाही, हे तिला समजते व ती शांत राहते. जेवणाच्या दिवशी आकडी नाही. साबणाने हात धुतल्याशिवाय कोणी पेटीजवळ फिरकायचे नाही, कारण तिची नजर यथातथाच असून सगळा भरवसा वासावर आहे. इतक्या वर्षांत आमच्यापैकी कोणाला साधा ओरखडाही उठलेला नाही. कुकरची वाफ मात्र मला दोनदा लागली, पण कुकरसाठी परवाना लागत नाही.

३. परवान्यावर मुख्य धारक म्हणून ड्वेन यांचे व सहायक म्हणून माझे नाव होते. मुख्य धारक वारल्यावर सहायकही आपोआप रद्द होतो, असे आपल्या खिडकीवरच्या बाईंनी सांगितले. मग मी कोण, असे मी त्यांना विचारले. त्या म्हणाल्या, "सध्या तुम्ही कुणीच नाही, मिसेस क्लिंगर. नेक्स्ट!" याबद्दल माझी तक्रार नाही. ड्वेन गेल्यापासून मलाही तसेच वाटत आहे.

४. माझी तक्रार पुढची आहे. मुख्य धारक व्हायचे तर दुसऱ्या प्रौढ व्यक्तीच्या मदतीने साप बाहेर काढून परत ठेवण्याचे प्रात्यक्षिक निरीक्षकांसमोर करून दाखवावे लागते. तोवर पेटी उघडण्यास मला मनाई आहे. त्यामुळे मी पाणी वरच्या फटीतून नळीने सोडते, जेवण मात्र देता येत नाही. पेटीतली घाण तशीच आहे. डॉटी कात टाकायला आली होती. पाण्याच्या टबात बसवले असते तर कात सहज निघाली असती. आता ती तुकड्यातुकड्यांनी अंगाला चिकटली आहे आणि दोन्ही डोळ्यांवर जुन्या कातीच्या टोप्या राहिल्या आहेत. ती तोंड पेटीच्या काचेला घासत राहते आणि मी काचेच्या या बाजूला खुर्ची टाकून बसते. कायदा पाळायचा म्हणजे एवढेच माझ्या हाती आहे.

५. दुसऱ्या माणसासाठी मी गावभर हिंडले. ड्वेनच्या भावाने फोन ठेवून दिला. गोधड्या शिवणाऱ्या आमच्या मंडळातल्या बायकांनी मला केक दिला. पाद्रीसाहेब म्हणाले, "वर्ना, तुझ्यासाठी मी रोज प्रार्थना करीन, पण शेपटी धरणार नाही." शेवटी कुंपणापलीकडचे शेजारी श्री. मर्ल स्टकी आपण होऊन आले. मर्ल एकटे असतात व ससे पाळतात. काउंटीच्या जत्रेत त्यांच्या सशांना दरवर्षी बक्षीस असते. डॉटीच्या जेवणासाठी आमच्या फ्रीझरमध्ये काय असते हे त्यांना ठाऊक आहे. ते मी मुद्दाम दुसऱ्या काउंटीतून आणते आणि त्या विषयावर आम्ही कधी बोललेलो नाही. शेजारधर्म असाच टिकतो. तर मर्ल टोपी हातात घेऊन दारात उभे राहिले व म्हणाले, "ड्वेननं माझं छप्पर शाकारून दिलं होतं. शेपटी कुठं धरायची ते दाखव."

६. मी त्यांना आठवडाभर बागेच्या पाइपावर शिकवले. प्रात्यक्षिकाच्या दिवशी निरीक्षक बोमगार्डनर आले. हा मुलगा लहानपणी माझ्याच बसने शाळेत जायचा. गुणी होता, पण कोणी खिशातून बेडूक काढला तर थेट माझ्या मांडीवर येऊन बसायचा. असो. मर्ल यांनी माझ्यासमोर कोपरापर्यंत हात धुतले. मी पेटी उघडली, आकडी लावली. आणि मर्ल शेपटीकडे वाकले, ते सकाळी सशांना चारा घालताना अंगात असलेल्या जाकिटासह. हात धुतले, जाकीट राहिले! मी इतकी वर्षे जो नियम पाळला, तो त्यांना सांगताना 'कपडेसुद्धा' हा शब्द सांगायचा माझ्याकडून राहून गेला. डोळ्यांवर टोप्या असलेल्या, कित्येक आठवडे उपाशी जिवाला समोर ससा आला असेच वाटणार. तिने वळून मर्ल यांची बाही पकडली आणि हाताला वेटोळे घातले.

७. त्यानंतर जे घडले ते आपल्या अहवालात नाही, म्हणून सविस्तर लिहिते. मर्ल ओरडले नाहीत व त्यांनी हात ओढला नाही. दात आतल्या बाजूला वळलेले असतात, ओढले की मांस फाटते, हे मी शिकवलेले त्यांनी लक्षात ठेवले. मी म्हटले, "दुसऱ्या हातानं जबड्याच्या मागं धरा, दाबू नका." त्यांनी धरले. माझे पाय आपसूक शेपटीकडे गेले. वेटोळे नेहमी शेपटीकडून सोडवायचे असते. डोक्याकडून सोडवू लागलात तर ती आणखी आवळते. मी एकेक वेढा उलगडला, ओठाच्या कडेला गुळण्या करायच्या औषधाचे थोडे थेंब सोडले. तिने तोंड उघडले. आम्ही दोघांनी मिळून तिला पेटीत ठेवले व कडी लावली. मर्ल यांना जखम नाही, बाही मात्र गेली. महोदय, मी आयुष्यात इतके चोख काम पाहिलेले नाही. दोन प्रौढ माणसे, एक डोक्याकडे, एक शेपटीकडे, नियमात लिहिले आहे तसेच.

८. परंतु या वेळी निरीक्षक खोलीबाहेर होते. त्यांनी बाहेरून दार ओढून मूठ दोन्ही हातांनी धरून ठेवली होती. "नियमाप्रमाणे खोली बंद ठेवावी लागते, मिसेस क्लिंगर," असे ते दारापलीकडून सांगत होते. अहवालात त्यांनी लिहिले आहे : 'प्रात्यक्षिक झाले नाही. प्राणी आक्रमक आहे.' जे झालेच नाही, त्यात प्राणी आक्रमक कसा झाला, याचा खुलासा व्हावा ही विनंती. प्राणिसंग्रहालयांनी आक्रमक म्हणून तिला नाकारले आणि कोणी घेत नाही म्हणून तिला सोमवारी कायमचे झोपवायचे, असा निर्णय आपण दिला. ट्रेंटवर माझा राग नाही. त्याने निदान यायचे धाडस केले.

९. "या वयात हा छंद सोडत का नाही?" असे मला आपल्या कार्यालयात विचारण्यात आले. उत्तर लेखी देते. मला साप आवडत नाहीत. कधीच आवडले नाहीत. पहिली काही वर्षे मी डोळे मिटून शेपटी धरत असे. माझा नवरा डोक्याकडे उभा असताना त्याला एकटे कसे सोडायचे, एवढ्याच कारणाने धरत असे. आता तो नाही, आणि ज्या जिवाला त्याने उराशी धरून वाढवले, त्याला परक्या माणसांनी मारावे हे मला सहन होत नाही. मला झोप लागत नाही. मी आजवर कोणापुढे पदर पसरला नव्हता, तो आपल्यापुढे पसरते. तिला मारू नका.

सबब विनंती की, सोमवारची कारवाई स्थगित करून प्रात्यक्षिक पुन्हा घ्यावे. ट्रेंटला जमणार नसेल तर आपण स्वतः यावे. खिडकीच्या बाहेर उभे राहून पाहिलेत तरी चालेल. काच स्वच्छ पुसून ठेवीन. येण्याआधी कृपया कुत्र्या-मांजरालाही हात लावू नये, आणि धुतलेले कपडे घालून यावे.

आपल्या उत्तरासाठी दाराशी बसलेली,

(सही)
वर्ना क्लिंगर
शुक्रवार, दुपार

सोबत जोडले आहे :

अ) पतीचा मृत्यू दाखला.

आ) फाटलेली बाही, पिशवीत. (तिच्यावर रक्त नाही, हे पाहून घ्यावे.)

इ) श्री. मर्ल स्टकी यांचे निवेदन. त्यांनी ते आज सकाळी आणून दिले. शब्दही न बदलता जोडते :

"साहेब, सापाची चूक नाही. वास माझ्या अंगाला होता. हात धुऊन जाईल असा तो वास नाही, माझ्या घरात, गाडीत, सगळीकडं आहे. म्हणून काल सगळे ससे बहिणीकडं पोचवून आलो, बक्षीसवाले धरून. खुराडी मोडली, घर धुतलं. अंगावरचे कपडे नवे आहेत. तुम्ही बोलवाल तेव्हा मी येतो. वर्नाला एकटीला उभं करू नका. — मर्ल"