तीन प्रती

बाबा, तुम्ही अर्ज टेबलावर ठेवलात आणि मी तो न वाचता परत तुमच्याकडे सरकवला. "तीन प्रती लागतात. एक कंपनीला, एक आम्हाला, एक तुम्हाला." हिंगोलीच्या ग्राहक मदत केंद्रात तेव्हा ते टेबल माझं होतं. रांगेतली माणसं बघत होती. तुम्ही म्हणालात, "बराबर आहे," आणि कागदाची घडी घातलीत.

आई जाऊन सहा दिवस झाले होते. जलदान विधी परवावर आला होता. विचारपूस करायला कोणी तुम्हाला फोन लावला की त्याच्या कानात वरातीचं गाणं वाजायचं. तुम्हाला मात्र फक्त घंटी ऐकू यायची. अर्जाच्या आदल्या दिवशी कुरुंद्याचा काका सेनगावला आपल्या घरी आला आणि भरल्या घरात म्हणाला, "मास्तर, वहिनीची राख निवली न्हाई, अन् तुमच्या फोनात नवरी नाचून राहिली!" "काहून खोटं बोलतो? माझ्या फोनात गाणंच न्हाई," असं म्हणून तुम्ही सगळ्यांसमोर स्वतःच्या फोनवरून स्वतःचाच नंबर लावलात. तो लागेना. "बघ, वाजतंय का?" तुम्ही म्हणालात. दु:खाला आलेली माणसं माना खाली घालून हसली.

दोन-तीन महिन्यांपूर्वी कंपनीची रेकॉर्ड केलेली बाई फोनवर बोलली होती. समोरचं माणूस बोलत असताना फोन ठेवायचा नाही, ही तुमची रीत. तुम्ही तिचं सगळं ऐकून घेतलंत आणि तिने सांगितलं तसा एक आकडा दाबलात. कॉलर ट्यून म्हणून ते गाणं लागलं. महिना संपला की पैसे कापून ते आपोआप पुढच्या महिन्याला चालू व्हायचं. ग्राहकाचे हक्क शाळेत तुम्हीच शिकवायचात. सातवीत मी कंपासपेटी बिनपावतीची आणली, तेव्हा तुम्ही मला वर्गातून उठवून भर उन्हात दुकानात परत पाठवलंत. "मास्तरची पोरगी असली म्हणून काय झालं? पावती आणल्याबिगर वर्गात यायचं न्हाई." दुकानदार गिऱ्हाइकांना म्हणाला, "सरका, कायदा आला." मी परतले. तुम्ही पावती पाहिलीत. माझ्याकडे पाहिलं नाहीत.

लोकांना मी अजून तेच सांगते. आधी सेवा बंद करून घ्या, तक्रारीचा नंबर लिहून ठेवा. न मागितलेल्या सेवेचे कापलेले पैसे परत मागा. नाहीच दिले, तर लेखी अर्ज. तुम्हाला मी शेवटच्या पायरीवर उभं केलं आणि तिथूनही परत पाठवलं.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं नाही, म्हणून लिहिते. गाणं बंद करायला एक फोन पुरला असता. कंपनीचा नंबर मला पाठ होता. आई गेल्यापासून ते गाणं मीही रोज ऐकत होते, आणि लोक तुम्हाला हसत होते त्याचा मला राग येत नव्हता.

मी परत पाठवलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या एसटीने तुम्ही आलात. तिन्ही प्रती हाताने लिहिलेल्या होत्या. मी शिक्के मारले. तुम्ही पोच मागितलीत.