हिरवा ठिपका

आर्णी, जि. यवतमाळ
६ नोव्हेंबर २०२५

प्रिय सलोनी,

जय भीम.

आम्ही दोघी इकडे बऱ्या आहोत. तुम्ही सगळे तिकडे बरे असालच. आईच्या गुडघ्याले तेल लावणं चालू हाय. फरक काही नाही, पण लावलं की तिले बरं वाटते. लोकांचं सोयाबीन निघालं, आता कापूस वेचणं चालू झालं, म्हणून मंडपाच्या कामाले माणूस भेटत नाही. भेटला तर त्याले खांब उचलायच्या आधीच भूक लागते.

तू फोन उचलत नाही म्हणून पत्र लिहून राह्यली. रागानं नाही लिहीत, बाप्पा. फोनवर काय बोलावं ते मलेही समजत नाही.

काम असं हाय. संघर्ष आपल्या मंडप-बिछायतीच्या दुकानाची सगळी वही त्या नोट्सच्या ॲपमध्ये ठेवत होता, हे तुले माहीतच हाय. कोणत्या गावात लाइट कमी येते, कोणाच्या अंगणात खांब रोवायले मुरूम टाकावा लागते, मोठ्या पंगतीच्या मठ्ठ्यात मीठ किती. अर्धं लिहिलेलं, अर्धं बोलून ठेवलेलं, कारण टाइप करायचा त्याले भारी कंटाळा. खातं त्याच्या नावावर अन् त्याच्या नंबरवर. माझ्या फोनवर त्यानंच उघडून देल्लं होतं. फुकट होतं, म्हणून पुढचा विचार कोणीच केला नाही. मार्चमध्ये माझा भाऊ गेला. तू त्याचा फोन घेऊन वणीले माहेरी गेली, अन् माझ्या फोनवर ती वही तशीच चालू राह्यली. दुकान तिच्यावरच चालते.

आता ॲपवाल्यानं नोटीस टाकली. या महिन्याच्या शेवटापासून फुकटात एकच फोन. दोन राह्यले तर दोन्हीवर कुलूप. पैसे भरले तर दोन्ही राहतात, पण ते भरायचे मुख्य फोनवरूनच, म्हणजे त्याच्याच. शेजारची खुशी, बीसीएले शिकते ती, तिनं सगळं वाचून सांगतलं. मी माझ्या फोनवरून मागणी टाकली की त्याच्या नंबरवर ओटीपी येईन. तो मी टाकला की मुख्य फोन माझा होते अन् त्याचा निघून जाते.

तर मी मागीन तेव्हा तेवढा आकडा पाठवून दे. त्याचा फोन बंद पडून असन तर थोडा चार्जिंगले लाव. बाकी काही नाही.

आईचा आशीर्वाद.

उर्वशीताई


आर्णी
१७ नोव्हेंबर

प्रिय सलोनी,

जय भीम.

पत्र भेटलं असन असं धरून चालते. उत्तराची घाई नाही.

मधल्या दिवसांत खुशीनं दुसरं ॲप शोधून देल्लं. मी तिले विचारलं, हे तरी फुकट राहीन का? ते पोट्टं म्हणते, "ताई, लोक जमा झाले की हेही दार लावीन." म्हटलं, मग आपण काय दर दोन वर्षांनी बिऱ्हाड हलवत राहायचं? तिले हसू आलं. मलेही यायले पाह्यजे होतं.

तिनं लिहिलेलं सगळं नव्या ॲपमध्ये आणलं. आवाज आले नाहीत. मठ्ठ्याच्या नोटमध्ये तो बोलता बोलता थांबते, मागून तू काहीतरी म्हणते अन् तो म्हणते, "थांब नं, रेकॉर्डिंग चालू हाय," ते सगळं गेलं. खाली त्यानं टाइप केलेलं तेवढं आलं. मीठ बेतानं, जिरं भाजून.

अन् अजून एक झालं. सगळ्या नोटांवर एकच तारीख पडली, आणल्या त्या दिवसाची. त्यानं वर्षावर्षानं लिहिलेलं, ते असं दिसते की मंगळवारी बसून एका दमात लिहिलं.

आता जे सांगते ते कोणाले सांगू नको. त्यातली एक नोट होती, "येत्या शनिवारी जवळा, पोरीकडचा मंडप, सकाळीच टेम्पो पाठवणे." मी वाचली. वर तारीख त्याच मंगळवारची. मी दोन माणसं सांगतली, खांब अन् गाद्या भरल्या अन् शनिवारी सकाळी टेम्पोत बसून जवळ्याले गेली.

त्या घरासमोर शेण सारवणं चालू होतं, कापूस वाळत होता. लग्नाचं काही नव्हतं. एक पोरगी कडेवर लेकरू घेऊन बाहेर आली. तिचंच लग्न होतं ते, मागच्या वर्षीचं. ती दिवाळीले माहेरी आलती, अजून गेली नव्हती. माझ्याकडे पाहून राह्यली, मग म्हणे, "भाऊ नाही आले का?" मी म्हटलं, नाही आला. तिच्या आईनं चहा केला. टेम्पोवाला आतल्या आत हसून राह्यला होता. आम्ही चहा पिला अन् भरलेला माल तसाच परत आणला.

संघर्ष मार्चमध्ये गेला हे मले माहीत नाही का? मीच त्याच्या अंगावर पांढरं कापड टाकलं. पण त्यानं लिहिलं येत्या शनिवारी, म्हणून मी शनिवारी गेली. हात चालतात सलोनी, डोकं त्यांच्या मागं राहते. रडू तर तेव्हाही आलं नाही, अजूनही येत नाही. लोक म्हणतात उर्वशीनं किती धीरानं घेतलं. धीर कायचा? मले काही लागतच नाही. भाजीत तिखट जास्त झालं तरी जेवून घेते.

मागच्या पत्रात मी लिहिलं की त्याचा फोन बंद पडून असन. ते मी उगाच लिहिलं. तो बंद नाही हे मले माहीत होतं.

तू वणीले गेल्यावरची, मेमधली गोष्ट. मी दुकानात ताटं मोजत होती अन् हिशेब पाहायले ॲप उघडलं. वर हिरवा ठिपका लागला अन् बाजूले लिहून आलं, "संघर्ष आता पाहत आहे." मी फोन पालथा ठेवला अन् राह्यलेली ताटं मोजली. मोजून झाल्यावर समजलं, फोन तुझ्याजवळ हाय.

तेव्हापासून रोज दुपारी तो ठिपका लागते. नेहमी मठ्ठ्याच्याच नोटवर. तुझ्याकडे माझाही दिसत असन, उर्वशी म्हणून. तू कधी बंद केलं नाही, मीही केलं नाही. तिथंच दोन शब्द लिहिले असते तर तू लगेच वाचले असते, हेही मले समजते. पण त्याच्या वहीत, त्याच्या नावासमोर काय लिहू? अन् लिहिलं असतं तर तू बुजली असती, पुन्हा आली नसती.

सत्यशीलाबाई तुमच्या वणीहून इकडे लग्नाले आलत्या. घरी येऊन गेल्या. इकडचं तिकडचं बोलल्या.

उद्या-परवा ओटीपी मागते.

उर्वशीताई


आर्णी
२६ नोव्हेंबर

सलोनी,

जय भीम.

आज संविधान दिन, म्हणून विहारात कार्यक्रम होता. खुर्च्या आपल्याच. पोरांनी प्रास्ताविका म्हटली, चिवडा वाटला. आई पहिल्या रांगेत बसली होती अन् तिथंच पेंगली.

तुझा ओटीपी भेटला. परवा दुपारी मागितला अन् लगेच आला. फक्त सहा आकडे. वर ताई नाही, खाली सलोनी नाही. त्या वेळी तू मठ्ठ्याच्या नोटवरच होती, ठिपका लागलेला होता. ते आकडे टाकले की तुझ्यासमोर वही बंद पडन, हे तुले माहीत होतं, तरी तू पाठवले.

आई बाजूलेच होती. तिनं विचारलं, "काय आलं व?" मी सांगतलं. मग तिनं जे सांगतलं ते मी तुले सांगते, कारण इतके दिवस मले वाटत होतं की ती त्या ठिपक्याले संघर्षच समजते. रोज दुपारी माझ्याजवळ येऊन बसायची, हिरवं लागलं की उठून भांडे घासायले जायची. मी भीत होती, की म्हातारीचं डोकं फिरलं तर मी एकटी काय करू. तिनं तुझं नाव घेणं बंद केलं होतं म्हणून मले वाटे तिचा तुझ्यावर राग हाय.

ती म्हणे, "येडी हायेस का? मले माहीत नाही का तो कुठं हाय ते? ती पोरगी हाय ती. जेवण झालं की बसते. ते लागलं की मी समजते, पोरगी जेवली."

सहा महिने तिनं असं पाह्यलं, सलोनी. एक दिवस ठिपका उशिरा लागला तर तीही जेवायची थांबली होती. मी म्हटलं आई जेव, तर म्हणे भूक नाही.

मी आकडे टाकले नाहीत. दहा मिनिटं होती, तेवढ्यात आम्ही दोघी पाहत बसलो. मग ते संपले.

आता दुसरं. सत्यशीलाबाई इकडचं तिकडचं नव्हत्या बोलल्या. तुले घुग्घुसचं स्थळ आलं, पोरगा खाणीवर हाय, पहिली बायको बाळंतपणात गेली, माणूस शांत हाय, अन् तू हो म्हणत नाही की नाही म्हणत नाही, हे बोलल्या. मी चहा ठेवायले आत गेली अन् गॅस बंद करून तशीच उभी राह्यली. मले वाईट वाटलं की बरं वाटलं ते अजून समजलं नाही. आईले लगेच समजलं. ती म्हणे, "तिले लिही, हो म्हण. माझ्यासाठी थांबू नको म्हणा."

खुशी म्हणते, तू तिकडून पैसे भरले तर दोन्ही फोन राहतील अन् काहीच बंद होणार नाही. मी सांगतलं असतं तर तू भरलेही असते. पण नको. तू नव्या घरी जाशीन, दुपारी जेवून हात पुसशीन अन् तिथंही माझं नाव लागते का पाहशीन, अन् इकडे आम्ही दोघी तुझ्यासाठी पाहत बसू. असं कोणी संसार करते का? त्या माणसाचं तरी काय चुकलं?

आवाज तुझ्याजवळ राहू दे. मठ्ठ्याचा, अन् खाली जुना एक हाय, त्यात तो नुसता शिट्टी वाजवते, तोही. ऐकावं वाटलं तर ऐक, नाही वाटलं तर नको ऐकू. मले लिहिलेलं पुरते. तारखांचं मी पाहून घेईन, आता शनिवार म्हटलं की आधी कोणाले तरी विचारते.

हे पत्र तुले भेटेपर्यंत मी माझा फोन त्यातून काढून टाकलेला असन, म्हणजे एकच फोन राहीन अन् तुझ्याकडची वही चालू राहीन. आज दुपारी आईले शेवटचं दाखवलं. तू आली, ठिपका लागला. आई उठली नाही. तू जाईपर्यंत बसून राह्यली अन् मग म्हणे, "चाल, जेवली ती."

मले तेव्हाही रडू आलं नाही. पण संध्याकाळी भाजी खारट लागली, अन् मी ताट सारून दुसरी केली. एवढं एक बरं झालं म्हण.

यापुढे दुपारी तुले माझं नाव दिसणार नाही. घाबरू नको. आम्ही दोघी जेवलो असू.

तूही जेवत जा.

तुझी
उर्वशीताई