बटनापाशी कोणी नाही

प्रिय मामा,

कितीदा कागद घेतला आणि ठेवून दिला. एकदा तर ‘प्रिय मामा’ लिहून झालं होतं, पण त्याच कागदात मी भाजलेल्या शेंगा बांधून घेतल्या आणि बाजाराला निघून गेलो. हसू नको! आज मात्र लिहितोच. कारण आज तुझी जीप बोलली, आणि ते सांगायला या अंगणात माणूस नाही. शेजारची सोनाबाई आहे, पण तिला कानानं कमी.

तू गेलास तेव्हा मी नांदेडकडे एका तंबू टॉकीजच्या मागं हिंडत होतो. पडदा बांधायचा, पडदा सोडायचा. तुझी बातमी माझ्यापर्यंत पोचली तेव्हा इथं सगळं आटोपून गेलं होतं. धनजला आलो तर दाराला कुलूप. मामी किन्हीराजा गावी भावाकडे गेलेली. किल्ली सोनाबाईकडे.

मामी काहून गेली, तुला माहीत आहे?

ते बटन. हँडल मारताना तुझं मनगट मोडलं, म्हणून तू कारंज्याच्या मिस्त्रीकडून जुन्या जीपला सेल्फ बसवून घेतला. तिथं थांबायचं की नाही! पण तुला थंडीत जाऊन गाडीत बसायचा कंटाळा. मग तू जीपपासून वायर ओढलीस, गोठ्याच्या भिंतीवरून, वळचणीखालून, थेट चुलीजवळच्या चौकटीपर्यंत, आणि तिथं घंटीचं बटन ठोकलंस. पहाटे मामीनं चहाचं आधण ठेवायचं आणि बटन दाबायचं. अंगणात जीप खोकायची. तुझा चहा होईतो इंजिन गरम!

अख्खी वस्ती पाहायला आली होती. सोनाबाई म्हणाली होती, “मानूस नाई, कानूस नाई, अन् गाडी चालू? काय भानामती हाय बाप्पा!”

आणि त्या पहाटे गाडी गिअरमध्ये राहिली होती, आठवतं? मामीनं बटन दाबलं तशी जीप उडी मारून पुढं आली आणि रांजण फोडून थांबली. मामी कंबरेवर हात ठेवून म्हणाली, “तुमची ही सवत आता घरात घुसून राह्यली. पाट टाकू काय तिले?” तेव्हापासून रात्री झोपण्याआधी न्यूट्रल आणि चाकाखाली दगड. तुझा नियम.

शेवटच्या दिवशीही दगड चाकाखाली होता म्हणे. मामीनं बटन दाबलं, जीप एका झटक्यात चालू झाली. चहा गाळला, हाक मारली. तू उठलाच नाहीस. बाहेर जीप तशीच चालू राहिली, मामा. बंद करायचं कोणाला सुचलं नाही. पेट्रोल संपल्यावर ती आपणहून थांबली. मामी जाताना सोनाबाईला सांगून गेली, “त्या गाडीचा आवाज मले पुन्हा ऐकायचा नाई.”

असं करतात का? एवढं काय घाईचं होतं तुला?

मीही कुलूप लावून निघणारच होतो. पण सोनाबाई काठी टेकत आली. “सुख्या, औंदा नागपूरले कोन नेईन आमाले? तुया मामा दर दसऱ्याले नेत होता. मायाच्यानं एस्टीत उभं राह्यनं होत नाई आता.” तिच्या मागं आणखी दोन म्हाताऱ्या. मी काय म्हणणार? म्हणालो, नेतो.

दीक्षाभूमीवर जायच्या आधी तू दरवर्षी जीपला निळा रंग द्यायचास. मीही दिला. असा दिला की तू पाहतच राहिला असतास! बोल्ट काढून, पट्ट्या सोडवून, चेसिसच्या पोटापर्यंत. बोट ठेवायला जागा सोडली नाही. सगळं पुन्हा जोडलं आणि चुलीजवळ जाऊन बटन दाबलं.

कट. नुसतं कट, आणि शांतता.

बॅटरी चार्ज करून आणली. तेच. उंदरानं वायर खाल्ली असेल म्हणून वळचणीखालून हात घालून सगळी वायर चाचपली. तिथं चिमणीचं घरटं सापडलं, त्यात अर्धी दुपार गेली. बटन खोलून घासलं. काही नाही.

खरी अडचण वेगळीच होती. या कामाला दोन माणसं लागतात. एकानं बटनापाशी, दुसऱ्यानं बॉनेटखाली कान लावून. तू ओरडायचास, “दाब!” मामी म्हणायची, “दाबलं!” मी एकटा. बटन दाबून धावत जावं तोवर आवाज संपलेला. एकदा मी बटनात काडी खुपसून पळालो, आणि अंगणातून सवयीनं ओरडलो, “दाब!” मग मलाच कसंतरी झालं. जाऊन काडी काढून टाकली.

आज मात्र दिवे लावून ठेवले आणि दाराच्या फटीतून बघत बटन दाबलं. दिवे एकदम मंदावले. म्हणजे करंट निघतो, पण त्याला परतायला वाट नाही. आणि एकदम आठवलं! रंग देताना तू चेसिसवर एका जागी गुळाच्या पाण्यानं कागद चिकटवायचास. बॅटरीची अर्थिंगची पट्टी तिथं आवळलेली असते. रंग वाळला की कागद ओढून काढायचास, तिथं रुपयाएवढं लोखंड उघडं राहायचं. मी चिडवायचो, “मामा, म्हातारपणी डोये गेले काय? डाग राह्यला!” तू म्हणायचास, “राहू दे लेका. तिले श्वास घेऊ दे.”

एवढंच सांगायचास? नीट सांगितलं असतंस तर!

पट्टी सोडली. खाली माझा निळा रंग, चांगला दोन हातांचा. चाकूनं खरवडला, लोखंड चकाकलं, बोल्ट आवळला. चुलीजवळ गेलो. दाबलं.

मामा, झाली की रे चालू! मी “चहा ठेव” म्हणायला तोंड उघडलं, आणि चूल थंड. जीप अंगणात एकटी थरथरत होती. मी धावत जाऊन बंद केली. तशी एकटी चालू असलेली मला बघवेना.

तर आता वचन देतो. उद्या पहाटे म्हाताऱ्यांना घेऊन निघतो, जपून नेतो, जपून आणतो. रात्री न्यूट्रल, चाकाखाली दगड. ती जागा पुन्हा कधी रंगवणार नाही. आणि आल्यावर इथंच राहीन. कायमचं म्हणत नाही, तू ओळखतोस मला. पण दिवाळीपर्यंत नक्की.

जय भीम.

तुझा भटका भाचा,
सुखदेव

ता. क. मामा, कागदाची घडी घालत होतो तर फाटक वाजलं. मामी आली आहे! हातात बोचकं, एस्टीची धूळ कपाळापर्यंत. म्हणाली, “सोनाबाईचा निरोप आला, गाडी बंद पडली म्हने. तुले एकट्याले जमते काय ते?” झाली दुरुस्त, हे मी तिला सांगितलंच नाही. ती माझ्याकडे न बघता सरळ चुलीपाशी गेली. आधण ठेवलं. आता आतून ओरडते आहे, “सुख्या, जाय, लाव कान! मी बटनापाशी आहो.”