पोटरीचं टॉनिक

चौसाळ्याच्या कृषी सेवा केंद्राचे मालक, आमचे दाजी बजरंगराव यांना सिदूचा दोन्ही पायांवर उभा राहून रामराम.

तुमी, मंगलअक्का अन् लेकरं सुखरूप असाल. अक्काचा गुडघा कसा हाय? (फोन सोडून पत्र कावून, म्हणाल. फोनवर तुमी मला बोलू देत न्हाई.)

तर दाजी, पोळ्यापासून माझ्या पोटरीत गोळा यायचा. शंभर पावलं झाली की पाय धरायचा, उभं राहिलं की सुटायचा. मेंढरं पुढं अन् मी बांधावर. ते बघून बाजारातला दलाल धुळाजी, त्यानं कळपाला गिऱ्हाईक म्हणून स्वतःलाच उभं केलं. चंपाषष्ठीला टेम्पो आणतो म्हणला, तू काय आता खाटेवरून मेंढरं राखणार? दाजी, मला ते लई लागलं. त्या रात्री जेवलो न्हाई.

म्हणून तुमाला निरोप धाडला : पोटरीत दम न्हाई, वाळाय लागली, औषध पाठवा. तुमी जीपवाल्याकडं बाटली दिली, वर 'टॉनिक' लिवलेलं, अन् सांगितलं, पंपाला दोन झाकणं, वारं पडल्यावर फवारा. आता पोटरी म्हणल्यावर तुमाला ज्वारीचीच, पोटात कणीस धरून फुगलेली, दिसणार, पर मला माझी दिसत होती. आमच्या घरधनिणीनं, साखराबाईनं, पंप पाठीला बांधला, मला अंगणात धोतर वर करून उभा केला, अन् वारं पडलेलं बघून दोन्ही पाय भिजवले. (बांधावरच्या कडेलाबी मारायचं म्हणून मागून एक हात जादा.) चार दिवस नुसती खाज. शेवटी ती म्हणली, पीक काय उगवंना, अंबाजोगाईला चला.

तिथल्या डॉक्टरीणबाईनं पावलावर नाडी बघितली, अन् बीपीचा पट्टा घोट्याला बांधला. (मला वाटलं बाईला दंड सापडंना.) रक्ताची वाट अरुंद झालीय म्हणल्या. बिडी बंद, रोज गोळी, अन् चाला. पोटरी दुखेपर्यंत चाला, थांबा, सुटली की पुन्हा चाला. तीन महिन्यांत फरक पडला न्हाई तर नळीत फुगा घालून वाट मोकळी करू. मग इचारलं, धंदा काय? मेंढरं राखतो म्हणलं. मग तर चालतच असाल, म्हणल्या. तवर साखराबाई बोलली, दोन वर्षं झाली, फटफटीवर बसून राखत्यात. मी वर पंखा बघत बसलो.

फटफटीची चावी तवापासून साखराबाईच्या कमरेला हाय. पर दाजी, मेंढरू तरी काय करतं? चार पावलं चालतं, तोंड घालतं, थांबतं. बाईनं औषध म्हणून माझाच धंदा मला परत लिवून दिला. आधी ओढ्यापतोर सात थांबे लागायचे, आता एक लागतो. चंपाषष्ठीला धुळाजी टेम्पो घेऊन आला तर कळप अन् मी माळावर. भाव बोलत बोलत माझ्यामागं चढला, निम्म्यात दगडावर बसला, पाणी मागाय लागला. मी उभा राहून पाजलं. टेम्पो मोकळा गेला. मी बिनालाजेचा लई हसलो.

तुमचा मेव्हणा,
सिदू

ता. क. : उरलेलं टॉनिक शाळूवर मारलं. आता खरीखुरी पोटरी धरलीय, माझ्या पायाएवढी. अजून दोन बाटल्या पाहिजेत. नाव सांगता येत न्हाई, बाटलीवरची चिठ्ठी माझ्या पायावर फवारतानाच धुऊन गेली.

दुसरा ता. क. : जीपवाल्याकडं देऊ नका, मीच चालत येतो. शेवटचा थांबा तुमच्या दुकानात पडतो, तवा गल्ल्याशेजारचं तुमचं बिडीचं बंडल तेवढं लपवून ठेवा. पाय सुधारलाय, हाताचं अजून खरं न्हाई.