पेटी पोचली, हात राहिले

तीर्थरूप मामांस,

भाच्याचा साष्टांग नमस्कार. (उजवा गुडघा वाकत नाही, तेव्हा आठापैकी सात अंगांचा जमा करून घ्यावा, आठवं प्रत्यक्ष भेटीत.) मामींचा खोकला गेला का? तुम्ही डोळ्यांत थेंब वेळेवर घालता ना, की मामी मागे लागेपर्यंत बाटली हरवलेलीच असते? इकडे सगळे ठीक. हिची कंबर मध्यंतरी धरली होती, पण मी दर शनिवारी घराबाहेर असतो हे लक्षात आल्यापासून तिच्या प्रकृतीत झपाट्याने सुधारणा आहे.

तुमची ब्रशांची पेटी पोचली. मी लहान असताना जिला हात लावला म्हणून तुमच्याकडून धपाटा खाल्ला होता तीच पेटी आता माझ्या टेबलावर आहे, आणि मी अजूनही तिला हात लावताना मागे वळून बघतो. सोबतची चिठ्ठी वाचली. "हात थरथरतो. रेघ सरळ जात नाही. माझं चित्र काढणं संपलं. पेटी तू वापर." चाळीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवलेल्या माणसाने चार ओळींत कारभार आटोपला! मामा, मला रडू आलं. ही म्हणाली, "अहो, पेटी मिळाली म्हणून रडताय, की आतले रंग वाळलेत म्हणून?" रंग वाळलेले नव्हते. तुमचे आभार कसे मानू कळत नाही, म्हणून पेटी आल्यापासून काय काय झालं ते सविस्तर लिहितो.

माझा उद्योग तुम्हाला ठाऊक आहे. आठवडाभर मी कवळ्या बनवतो. सहा दिवस लोकांच्या दातांकडे बघून शनिवारच्या सुट्टीत मला दात नसलेलं काहीतरी बघावंसं वाटतं, म्हणून दोन तासांची बस पकडून मी शहरात जातो आणि एखादी गल्ली काढतो. (ही म्हणते, गल्ली आपल्या दारासमोरही आहे. पण घर की मुर्गी म्हणतात ते गल्लीलाही लागू आहे.) या खेपेला जुन्या बाजारामागची एक अरुंद गल्ली सापडली. शिंपीणबाईंचं दुकान, त्याला तीन पायऱ्या. शेजारी चपलांचं दुकान, त्याच्यापुढे हिरव्या कापडाचं छप्पर आणि गिऱ्हाइकांसाठी बाक. कोपऱ्यावर काचेच्या खिडकीत बसलेले म्हातारे घड्याळवाले. बघताक्षणी वाटलं, हेच चित्र. मी स्टँड उभा केला आणि तुम्ही शिकवलंत तसं सुरू केलं. आधी माप, मग रेघ. एक डोळा मिटला, हात ताठ पुढे केला, पेन्सिल उभी धरून अंगठा खालीवर सरकवत पायऱ्या, छप्पर, बाक सगळ्यांची मापं घेतली आणि कागदाच्या कडेला लिहिली. दार एक धरलं, तर पायऱ्या पाव, छप्पर दीड.

पाच मिनिटांत चपलावाला स्वतः खुर्ची घेऊन आला. मागोमाग चहा आला. "साहेब, उन्हात कशाला, इकडे सावलीत बसून बघा ना." मामा, मला आजवर कुणी साहेब म्हटलेलं नाही. आमच्या कारखान्यात तर साच्याचं प्लास्टरसुद्धा माझं ऐकत नाही. मला वाटलं, बघा, या शहरात कलेची केवढी कदर आहे! मी शिंपीणबाईंना सहज विचारलं, या पायऱ्या फार जुन्या दिसतात? त्या घाईघाईने म्हणाल्या, "आम्ही नाही हो बांधल्या. आम्ही आलो तेव्हा होत्याच." चित्रात येण्यापूर्वीच एवढा संकोच! विनय असावा तर असा, असं मनाशी म्हणत मी चहा प्यायलो.

दुसऱ्या शनिवारी गेलो तर हिरवं छप्पर गायब. तिसऱ्या शनिवारी बाक नाही, आणि शिंपीणबाईंच्या तीन पायऱ्यांपैकी दोन फोडलेल्या. उरलेल्या एकीवरून त्यांची गिऱ्हाइकं हाताला धरून वर ओढून घ्यावी लागत होती. मला थोडं नवल वाटलं, पण फोटो काढताना माणसं केस नीट करतात, तशी ही गल्ली चित्रासाठी आवराआवर करत असेल असं मी समजलो. (हसू नका. खुर्ची आणि चहा मिळाला की माणसाची अक्कल गहाण पडते.) त्यांना म्हटलंही, की एवढा त्रास घेऊ नका, आहे तसंच मला आवडतं. त्यावर चपलावाल्याने आणखी एक चहा मागवला आणि फळीवरच्या चपला आत न्यायला सुरुवात केली.

चौथ्या शनिवारी मी तुमची पेटी उघडून रंग कालवायला बसलो. घड्याळवाले आजोबा खिडकीतून बघत होते. डोळ्याचं भिंग काढून म्हणाले, "साहेब, रस्तारुंदीवाले रंगपेटी कधीपासून आणायला लागले?" मी म्हटलं, कसली रस्तारुंदी? मी दात बनवतो. शिंपीणबाई हातातल्या कात्रीसकट बाहेर आल्या. मग हळूहळू उलगडा झाला. रस्त्यावर पुढे आलेलं सगळं पाडणार अशी तिथे महिनाभर कुजबुज होती, आणि नेमका त्याच वेळी एक डोळा मिटून, हात पुढे करून, प्रत्येक पायरीचं माप लिहून घेणारा मी हजर! पुढे हातोडा येण्यापेक्षा आपणच काढलेलं बरं, असा त्यांनी शहाणपणा केला होता. शिंपीणबाई म्हणाल्या, "म्हणजे तुमच्या हौसेपायी माझ्या पायऱ्या गेल्या?" मी ब्रश पुसायला घेतला. चपलावाल्याने खुर्ची परत नेली. मी तिच्यावर बसलेला होतो, एवढाच अडचणीचा भाग.

मी सामान गुंडाळून पळणारच होतो, आणि पळालो असतो तर बरोबरच झालं असतं, पण घड्याळवाले म्हणाले, "चित्र तरी बघू." पहिल्या शनिवारचं पेन्सिलचं चित्र रंगाच्या कागदाखाली होतंच. त्यात गल्ली जशीच्या तशी. तिन्ही पायऱ्या, छप्पर, बाक. सगळे वाकून बघायला लागले. आता मामा, गंमत ऐका. मापं घेणारा दातवाला निघाला, तेव्हा कुजबुजीतही दम नाही असं गल्लीने ठरवलं, आणि छप्पर पुन्हा लावायचं यावरून चपलावाल्याचं आणि शिंपीणबाईंचं तिथेच जुंपलं. तो म्हणे ते तुमच्या खिडकीपर्यंत होतं, त्या म्हणत दारापर्यंतच. दोघांनी माझ्या कागदाकडे बोट केलं. छप्पर दीड! कडेला लिहिलेलंच होतं, भांडण तिथेच मिटलं. पुढच्या शनिवारी गवंडी माझा कागद भिंतीला चिकटवून पायऱ्या बांधत होता. दर थोड्या वेळाने तो माझ्यासारखाच एक डोळा मिटून बघायचा. मीही वाळू चाळून दिली, तेवढं प्रायश्चित्त हवंच. पायऱ्या झाल्यावर शिंपीणबाई वर-खाली दोनदा चालून बघून म्हणाल्या, "पहिल्यापेक्षा बऱ्या आहेत." चपलावाल्याची खुर्ची परत आली. ती रुसवा काढूनच आली असावी, कारण या खेपेला तिच्यावर उशीही होती.

तुम्ही मला रेघ शिकवण्यापूर्वी वर्षभर नुसती मापं घ्यायला लावली होती, तेव्हा मी मनातल्या मनात तुम्हाला काय काय म्हटलं होतं ते इथे लिहीत नाही. आज तेच शब्द परत घेतो. तुमच्या मापांनीच घोटाळा केला आणि तुमच्याच मापांनी तो निस्तरला. मामा, मी मोठा चित्रकार झालो नाही, होणारही नाही. पण शनिवार आला की मला जे सुख होतं ते तुम्ही दिलेलं आहे, आणि हे तुम्हाला एकदा स्पष्ट सांगायचं राहून गेलं होतं.

मामींना नमस्कार. थेंब घाला.

तुमचा,
सात अंगांनी नम्र भाचा

ता. क. चित्र पुरं होत आलं आहे. ते घड्याळांच्या दुकानात लावायचं असं गल्लीने ठरवलं आहे. फक्त घड्याळवाल्यांनी एक हरकत घेतली. तुम्हाला माहीतच आहे की मला हात काढता येत नाहीत, म्हणून माझी माणसं कायम खिशात हात घालून उभी असतात. (शिंपीणबाईंच्या हातांवर मी कापडाचा अख्खा तागा टाकला आहे.) आजोबा म्हणाले, "चाळीस वर्षं मी खिशात हात घालून घड्याळं दुरुस्त केली का?" मी त्यांना शब्द दिला आहे की हात माझे मामा काढतील. तेवढी जागा कोरी ठेवली आहे. येत्या शनिवारी अकराच्या बसला मी शहराच्या बसथांब्यावर तुम्हाला घ्यायला उभा असेन. खुर्ची सांगून ठेवली आहे.

ता. क. २. हात थरथरतो म्हणाल, म्हणून लिहितो. घड्याळवाल्यांचाही थरथरतो. चहाचा अर्धा कप बशीत जातो. पण कामाला बसले की दोन्ही मनगटं टेबलाच्या कडेवर टेकवतात, श्वास धरतात, आणि चिमटा हलत नाही. मी विचारलं तर म्हणाले, "हात थकलाय, विसरलेला नाही. त्याला टेकायला जागा द्यायची." त्यांचं टेबल ते तुम्हाला द्यायला तयार आहेत.

ता. क. ३. वर पेटीबद्दल आभार मानले आहेत, ते पेटी उसनी दिल्याबद्दल समजावेत. शनिवारी बरोबर आणतो आहे. बाकीचे ब्रश मी वापरले, पण तो बारीक ब्रश वापरता आला नाही. त्याच्या दांडीवर तुमच्या अंगठ्याने झिजून खळगा पडला आहे. माझा अंगठा त्यात बसत नाही.